तीन पायऱ्या आणि एक हरकत

दोनशे एकेचाळीस हरकती मी कापडी पिशवीत भरून कार्यालयात नेल्या आणि तिथल्या बाईंनी त्या एक म्हणून नोंदवल्या.

"एक?" मी विचारलं.

"मजकूर एकच आहे ना?"

"माणसं दोनशे एकेचाळीस आहेत."

"माणसं मोजत नाहीत हो ताई, मजकूर मोजतात. मजकूर एक, हरकत एक." त्यांनी सगळ्यात वरच्या कागदावर शिक्का मारला, खालच्या गठ्ठ्याला सुतळी बांधली आणि तो पायानेच टेबलाखाली सरकवला. "पोच हवी असेल तर आत्ताच घ्या. नंतर मी जागेवर नसते."

ती पोच माझ्याकडे अजून आहे. 'हरकती : १' असं तिच्यावर निळ्या शाईत लिहिलंय. तीन आठवडे जिने चढले त्याची ही पावती.

धायरीत आमच्या गल्लीच्या मागून ओढा जातो. सगळे त्याला नाला म्हणतात. ओढ्याला नाला म्हटलं की त्यात काहीही टाकायला माणूस मोकळा होतो. ओढ्याच्या पलीकडच्या काठाला जमिनीचा एक खोलगट तुकडा आहे. गवत, लव्हाळा, निर्गुडीची बेटं आणि दोन उंबर. जुने गावकरी त्याला चिबड म्हणतात, म्हणजे पाणी धरून ठेवणारी, पिकाच्या उपयोगाची नसलेली जमीन. जोराचा पाऊस झाला की ओढा तिकडे पसरायचा, एक-दोन दिवस गवतात बसून राहायचा आणि सावकाश उतरायचा. हे काम त्या तुकड्याला कुणी दिलेलं नव्हतं. त्याचं टेंडर निघालं नव्हतं, उद्घाटनाला कुणी आलं नव्हतं. माझ्या मते त्याचा गुन्हा एवढाच.

अलीकडच्या काठाला आम्ही. तळमजल्यावर दोन खोल्या. वडिलांच्या कारखान्यातल्या नोकरीमुळे आई वर्ध्याकडून इथे आली, आणि मी शाळेत जायला लागल्यावर तिने पुढच्या खोलीत पाळणाघर सुरू केलं. नऊ मुलं. बहुतेकांचे आईबाप आयटीत. गल्लीतून आमच्या दारापर्यंत तीन पायऱ्या आहेत. त्या तीन पायऱ्यांवर आमचं घर चालतं असं म्हटलं तरी चालेल.

मागच्या वर्षीच्या जुलैत पाणी त्या तिन्ही पायऱ्या चढून आत आलं. भर दुपारी, मुलं झोपलेली असताना. आईने आधी मुलं उचलून स्वयंपाकाच्या ओट्यावर आणि दिवाणावर ठेवली, मग गाद्या, मग खालच्या फळीवरची बुद्धमूर्ती. मी तेव्हा शहरात कुठेतरी टेकडी वाचवत होते. हातात फलक होता आणि फोन पिशवीत. आईचे अकरा फोन मी संध्याकाळी पाहिले. पाणी उतरल्यावर पुढच्या दोन आठवड्यांत दोन घरांनी आपली मुलं काढून घेतली. "तसं काही नाही काकू, ऑफिसजवळ एक मिळालंय," असं म्हणाले. आईने त्या मुलांचे डबे धुऊन परत दिले आणि मला एकच वाक्य सांगितलं. "अजून एकदा पाणी आलं ना, तर बंद."

हिवाळ्यात वर्तमानपत्रात ती सूचना आली, भिंग लावून वाचावी लागेल अशा टाइपात. चिबडाचं हरित पट्ट्याचं आरक्षण बदलून तिथे वाहनतळ करायचा. त्यासाठी जमीन भराव टाकून सपाट करायची. ओढ्याला दोन्ही बाजूंनी काँक्रीटची भिंत घालायची. हरकती व सूचना असल्यास लेखी द्याव्यात. अर्धा भराव तर आधीच पडला होता. आदल्या हिवाळ्यापासून ट्रक येत होते, कुणाचे ते कुणालाच माहीत नव्हतं आणि कुणी विचारतही नव्हतं.

मी पत्रक लिहायला बसले. मला तेवढंच येतं. कॉलेजपासून मी पत्रकं लिहिते. मथळा, तीन मागण्या, शेवटी हाक. 'नैसर्गिक पायाभूत सुविधा वाचवा! हवामानबदलाला काँक्रीट हे उत्तर नाही!' पाठीमागच्या बाजूला छापील हरकत, खाली नाव, पत्ता आणि सहीसाठी जागा. लोकांना फक्त सही करायची होती. मला हे फार हुशारीचं वाटलं होतं.

शनिवार पेठेतल्या एका जुन्या छापखान्यात आमचा पर्यावरण गट नेहमी छापतो. मालकांनी चष्मा कपाळावर चढवून मजकूर वाचला.

"ही एवढी उद्गारचिन्हं कशाला? वाचणारा बहिरा आहे का?"

"काका, विषय गंभीर आहे."

"म्हणूनच विचारलं." त्यांनी कागद उलटा केला. "आणि ही हरकत छापून देताय होय? अहो, हरकत हाताने लिहायची असते. ज्याची त्याने. छापलेली कोण वाचतो? मी छापतो, मीसुद्धा वाचत नाही."

"लोकांकडे वेळ नसतो, काका."

"मग हरकतही नसेल," असं म्हणून त्यांनी मजकूर आत पाठवला.

मला राग आला. पुण्यात कुणीही कुणालाही शिकवतं, असं मनातल्या मनात म्हणून मी बाहेर पडले. ते मला सरळ सरळ बरोबर गोष्ट सांगत होते, हे कळायला मला कार्यालयातल्या त्या बाई भेटाव्या लागल्या.

मग दारं. वरच्या सोसायटीत एका आजोबांनी दार अर्धंच उघडून विचारलं, "डासांचं काय?" मी बेडूक, चतुर, साचलेलं पाणी आणि मुरणारं पाणी यातला फरक सांगायला लागले. "म्हणजे डास राहणार," ते म्हणाले आणि तरीही सही केली, बहुधा दार बंद करता यावं म्हणून. चौथ्या मजल्यावरचा माझ्याच वयाचा एक मुलगा म्हणाला, "अ‍ॅक्च्युअली आय सपोर्ट, पण पार्किंगचा इश्यू जेन्युइन आहे ना यार." त्यानेही सही केली. आता वाटतं, कुणाचंच म्हणणं मी ऐकलं नाही. कागद पुढे धरायचा, बोट ठेवायचं, "इथे." पुढचं दार.

ओढ्याच्या वरच्या अंगाला म्हशींचा एक गोठा उरलाय. तिथले बाबा मूळचे धायरीचेच, गाव होतं तेव्हापासूनचे. त्यांनी पत्रक हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि परत दिलं.

"मला वाचता येत न्हाय. काय हाय ते सांग."

मी सांगितलं. ते हसले.

"चिबडात भराव? आन् वढ्याला भिंत? आगं, मग तुमच्या गल्लीचं पानी जायाचं कुटं? रस्त्याचं सगळं पानी तुमच्या दारावरनं वढ्यात उतरतंय. भिंत घातली की तुमी आत, आन् पानीबी आत."

"हो बाबा, म्हणूनच सही पाहिजे."

"सही कशाला, मी येतो की बोलायला. कुटं यायचं सांग."

"बोलायचं नंतर. आधी अंगठा द्या."

त्यांनी दिला. त्यांनी जे सांगितलं ते माझ्या फॉर्मवर नव्हतं. लिहायला जागाच नव्हती. ती मीच ठेवली नव्हती.

शेवटचं दार आमचं. आई चपात्या लाटत होती. मी फॉर्म ओट्यावर ठेवला.

"मी कावून सही करू?" आई पालकांशी स्वच्छ पुणेरी बोलते, माझ्यावर चिडली की वर्ध्याला परत जाते.

"आपल्या घरात पाणी आलं म्हणून!"

"म्हणूनच नाही करत. ते भिंत बांधून राहिलेत, बांधू दे. मले पाणी घरात नको, बस."

"भिंतीने पाणी थांबत नाही, आई. निसर्गाची स्वतःची एक पायाभूत..."

"ते नैसर्गिक पायाभूत काय लिहिलंय तू, मी दोनदा वाचलं. नाही समजलं. नऊ पोरं ओट्यावर बसवून पाय धरून उभी होती मी. तुझं पत्रक कुठं होतं तवा?"

मी आवाज वाढवला. दोन दिवस आम्ही बोललो नाही. घर दोन खोल्यांचं असलं की न बोलणं हे मोठंच काम असतं.

सुनावणीचा दिवस आला. लांबट खोली, पुढे एक अधिकारी, बाजूला त्या शिक्क्यावाल्या बाई, आणि भिंतीलगत प्लास्टिकच्या खुर्च्या. नियम साधा होता. एका हरकतीला एकदाच बोलायचं. माझ्या दोनशे एकेचाळीस माणसांच्या वतीने मी एकदा बोलले. तापमान, अवकाळी, काँक्रीट, भूजल, सगळं. अधिकारी अतिशय सभ्य होते.

"आपण फार छान बोलता. पुरावा काय?"

मी फोनमधले फोटो दाखवले. चिबडात भरलेलं पाणी, त्यात बगळे.

"हे आपल्याकडचंच कशावरून? बगळे सगळीकडे असतात, मॅडम." खोलीत हशा झाला. "नोंद घेतली. पुढची."

पुढचं पत्र आईचं होतं.

मी मागे वळून पाहिलं. ती शेवटच्या खुर्चीवर बसली होती, पर्स मांडीवर घट्ट धरून. मुलं तिने शेजारच्या काकूंकडे ठेवली असावीत. मला पत्ताच नव्हता. अधिकाऱ्यांनी तिचा चौकटीच्या वहीतला कागद उलगडला आणि मोठ्याने वाचायला घेतला.

पाळणाघराची आईची एक नोंदवही आहे. फ्रिजवर पडलेली असते. कोणतं मूल किती वाजता आलं, काय खाल्लं, कोण न्यायला आलं. पालक विचारतात म्हणून ती सगळं लिहिते. मी ती वही आयुष्यात कधी उघडली नव्हती. आईने तिच्यातल्या पावसाच्या नोंदी तारखा-वेळांसकट उतरवून काढल्या होत्या. 'ओढा पहिल्या पायरीला. मुलं नेहमीच्या वेळेला गेली.' पुढचं वर्ष. 'ओढा पहिल्या पायरीला. दोन तासांत उतरला.' त्याच्या पुढचं, तेच. आणि मग, 'पलीकडे राडारोड्याचे ट्रक सुरू. धुळीने मुलं खोकतात, खिडकी बंद ठेवली.' त्याच्या खाली पुढचा पावसाळा. 'पाणी घरात. मुलं ओट्यावर.' शेवटी, तरी भिंत बांधून द्यावी ही नम्र विनंती.

"बघा," अधिकारी माझ्याकडे पाहून म्हणाले, "ओढ्याच्या काठावर राहणारी बाई भिंत मागते आहे."

मी ताडकन उठले. "साहेब, ट्रकची ओळ पाहा! त्याच्या आधी पाणी कधीच..."

"आपलं झालं, मॅडम. बसा."

मी आईकडे पाहिलं. मला वाटलं, ती आता माझ्याकडे बघणार नाही. ती उभी राहिली.

"साहेब, ती माझी मुलगी आहे. तिचं झालं असेल, माझं नाही झालं. ती ट्रकची ओळ परत वाचा."

त्यांनी वाचली. मोठ्याने नाही, मनात. मग त्याच्या खालची. मग परत वरची. शेवटी बाईंना म्हणाले, "यांच्यासाठी स्थळपाहणी लावा." एवढंच. माझ्या पोचपावतीवरची हरकत एक, तिचीही एक. तिची वाचली गेली.

परतीच्या बसमध्ये मी गप्प बसायला हवं होतं. बसले नाही.

"तुला माहीत होतं तर भिंत कशाला मागितलीस?"

"दोन्ही पाहिजे मले. भराव काढा अन् भिंतही बांधा."

"अगं, भिंत घातली की गल्लीचं पाणी ओढ्यात उतरणारच नाही. आतच अडकेल. आपल्या दारात. ते म्हशीवाले बाबा सांगत होते."

सिंहगड रोडला ट्रॅफिकमध्ये बस थांबली, तशी आई माझ्याकडे वळली.

"हे तू पत्रकात कावून नाही लिहिलं?" ती म्हणाली. "हे तर मले समजलं असतं."

स्थळपाहणी मे महिन्यात लागली. कनिष्ठ अभियंता आले, घाम पुसत ओढ्याच्या काठावर उभे राहिले आणि म्हणाले, "इथं तर पाणीच नाही."

"मे महिना आहे, साहेब," आई म्हणाली.

"मग पाहणी कशाची करू?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आईने माझा दंड धरला. तिने म्हशीवाल्या बाबांना आधीच बोलावून ठेवलं होतं. मी त्यांचा अंगठा घेतला होता. आईने त्यांना यायला सांगितलं होतं. ते आले, साहेबांना रामराम केला आणि म्हणाले, "बादली आना."

मी दोन बादल्या भरून आणल्या. पहिली त्यांनी गल्लीच्या वरच्या टोकाला ओतली. पाणी डांबरावरून धावत आमच्या पायऱ्यांना चाटून गेलं आणि थेट ओढ्यात उतरलं. मग ते खाली आले, जिथे भिंतीची चुन्याची रेघ मारली होती तिथे आपलं वहाणेचं पाऊल आडवं ठेवलं आणि मला म्हणाले, "आता दुसरी वत." मी ओतली. पाणी आलं, वहाणेला थडकलं, पसरलं आणि मागे फिरून आमच्या पहिल्या पायरीशी साठायला लागलं. अभियंत्यांना बूट वाचवायला बाजूला सरकावं लागलं.

"हा माजा पाय हाय. तुमची भिंत केवडी हाय?" बाबांनी विचारलं.

अभियंत्यांनी पायरीवर बसून शेरा लिहिला. आईने तो वाचून दाखवायला लावला. 'पावसाळ्यात प्रत्यक्ष प्रवाह असताना पुन्हा पाहणी करावी. तोपर्यंत भराव व भिंतीचे काम थांबवावे.'

"आणि पडलेला भराव? तो कधी काढणार?" मी विचारलं.

"तो काढणं आमच्याकडे येत नाही. थांबवणं येतं."

"मग काढणं कुणाकडे येतं?"

"त्याची चौकशी करावी लागेल. आपण अर्ज करा." जाताना त्यांनी आईला नंबर दिला. पाणी आलं की फोन करा, लगेच येतो, म्हणाले.

म्हणजे अर्धं चिबड अजून राडारोड्याखाली आहे. विटांचे तुकडे, फुटक्या फरशा, कमोडचं एक भांडं. त्याच्या कडेने उरलेलं गवत अर्ध्या जागेत आख्खं काम करतंय. याला कुणी विजय म्हणू नये. आमच्या गटातल्या एकाने समाजमाध्यमावर तसं टाकलं, तेव्हा मी त्याला ते काढायला लावलं.

या जुलैत, एका दुपारी, ओढा वर आला. आईने गाद्या दिवाणावर चढवल्या, पालकांना फोन लावले. चार मुलं नेली गेली, तीन राहिली. मग तिने अभियंत्यांना फोन लावला. "साहेब, या. पाणी आलंय." पलीकडून 'निघालोच' असं काहीतरी ऐकू आलं. मुलांपैकी एक रडत होतं, म्हणून तिने त्याला कडेवर घेतलं आणि वही माझ्याकडे दिली. "लिही."

मी दारात बसले. पाणी पहिली पायरी बुडवून दुसरीवर आलं होतं. तपकिरी, वर थर्माकोलचे तुकडे. पलीकडे उरलेल्या गवतात ते पसरलेलं दिसत होतं आणि जिथे भराव होता तिथून वळून आमच्याकडे ढकललं जात होतं. दोन्ही एकाच नजरेत दिसत होतं. फक्त ते बघायला ज्याने यायचं होतं तो आला नव्हता. मी वेळ घालून लिहिलं, 'पाणी दुसऱ्या पायरीवर.' अर्ध्या तासाने, 'दुसऱ्या पायरीवर, चार बोटं.' आईने पुन्हा फोन लावला. ट्रॅफिकमध्ये आहे, म्हणाले. तिने पुन्हा लावला. लागला नाही.

तिसऱ्या पायरीला एक वीत उरली असताना पाणी थांबलं. पाऊस मागच्या वर्षीएवढा नव्हता, आई म्हणाली. त्यामुळे अजून काहीच सिद्ध झालेलं नाही. संध्याकाळी शेवटच्या मुलाचा बाप पँट दुमडून आला. त्याने पायऱ्यांकडे पाहिलं, आत कोरड्या फरशीकडे पाहिलं आणि मुलाला घेऊन "उद्या येतो, काकू," म्हणाला. ते वाक्य ऐकून आई खुर्चीवर बसली, दुपारपासून पहिल्यांदा.

"काय लिहिलं, दाखव."

मी वही दिली. शेवटची नोंद मी जरा लांब केली होती. 'साहेबांना तीन फोन. आले नाहीत. सामान्य माणसाच्या जिवाची किंमत या निगरगट्ट यंत्रणेला कधी कळणार?'

आईने पेन मागितलं. 'आले नाहीत'च्या पुढचं सगळं तिने एका रेघेत खोडलं आणि त्याच्यासमोर वेळ घातली.

"उद्या हे पान हाताने उतरवून काढ," ती म्हणाली. "अन् त्या बाबांकडे जा. ते सांगतील ते लिही, तुझं नको घालू. तू सांगत होतीस त्या वरच्या सोसायटीतल्या डासवाल्या आजोबांचंही लिही, डासांसकट. वेगळं, त्यांच्या कागदावर."

"दोनशे एकेचाळीस लोक आहेत, आई."

"मग बस लिहत," ती म्हणाली आणि पायऱ्यांवरचा गाळ काढायला फावडं घेऊन खाली उतरली.